आल्डर गल्लीतले दिवे

आमच्या नगर परिषदेच्या सभेत कुणालाही बोलायला तीन मिनिटं मिळतात. बोलणाऱ्याच्या समोर एक लहानशी पेटी असते, तिच्यावर तीन दिवे. हिरवा लागला की बोला, पिवळा लागला की आवरतं घ्या, लाल लागला की गप्प बसा. त्या दिव्यांची बटणं दाबायचं काम माझं. मी नेड्रा, कॅल्डर बेंड गावाची रेकॉर्डर, म्हणजे सभेत कोण काय बोललं ते लिहून ठेवणारी. रेकॉर्डरने सभेत तोंड उघडायचं नसतं. लोक काय वाट्टेल ते बरळतात, ते ऐकायचं आणि मुकाट्याने लिहायचं. माझ्यासारख्या बाईला हे किती जड जात असेल, ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

मेयर ड्वेन आणि मी एकाच शाळेतले. बाहेर मी त्याला ‘अरे ड्वेन’ म्हणते आणि त्याच्या पोटाच्या घेरावरून चार टोमणे मारते. पण त्याने हातोडा आपटला की तो ‘मेयर साहेब’ आणि मी ‘रेकॉर्डर’. एवढी वर्षं हे आम्ही दोघांनी पाळलं. मी ते एकदाच मोडलं, पगारावरच्या कराच्या सभेत.

त्या कराचं असं होतं. लाकूड कापायची सॉ मिल बंद पडली तेव्हापासून गावाच्या तिजोरीत खडखडाट. सगळ्यात आधी काय गेलं, तर रात्रीचा पोलीस. रात्री आठनंतर फोन केला की तो डोंगरापलीकडे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ठाण्यावर जातो. तिथली मुलगी गोड आवाजात विचारते, “तो माणूस अजून तिथेच आहे का? त्याला जायला सांगून पाहिलंत का?” परिषदेने म्हणून ठरवलं, गावात जो कुणी पगार घेतो त्याच्या पगारातून थोडं आणि जो पगार देतो त्याच्याकडून थोडं कापायचं आणि रात्रीचे पोलीस परत आणायचे. यावरून गावाचे सरळ दोन तुकडे झाले. दुकानदार एका बाजूला आणि आमची आल्डर गल्ली दुसऱ्या बाजूला.

आमची गल्ली कराच्या बाजूने एवढी पेटून का उठली, तर मेरिलीमुळे.

मेरिली माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढं कुंपण. चाळिशीची, कमी बोलणारी, व्हर्लिनच्या टायरच्या दुकानात हिशेब लिहायची. नवऱ्याला सोडून दोन वर्षं झाली होती. रँडल त्याचं नाव. तो तिच्यापासून लांब राहावा असा कोर्टाचा हुकूम होता, तो तिने फ्रिजच्या दारावर चिकटवला होता. सप्टेंबरात एकदा तो दारात येऊन उभा राहिला, तेव्हा तिने फोन केला होता. काउंटीचा माणूस आला दुसऱ्या दिवशी, नाश्ता करून.

त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. पण तिच्या मागच्या दाराशी लाकडं येऊ लागली. शेगडीत बसतील अशा मापाची, नीट फोडलेली, भिंतीला लावून रचलेली, एक काटकी इकडची तिकडे नाही. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. मेरिलीने ती जाळली नाहीत. ढीग वाढत गेला, थेट खिडकीच्या चौकटीपर्यंत.

पोलीस चीफ इबाराने येऊन ढीग पाहिला आणि मान खाजवली. “कुणी पाहिलंय का त्याला ठेवताना?” त्याने विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं. “मग लाकडांवर काय गुन्हा दाखल करू?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण चीफ तरी काय करणार, त्याच्याकडे अख्ख्या गावासाठी माणसं दोन.

मग समोरच्या ओडेलने तोड काढली. ओडेल म्हणजे आमच्या गल्लीतला सगळ्यात म्हातारा, जन्मभर लाकडाचे ट्रक चालवलेला, अजून गुडघ्यांचं रडगाणं गात गात छपरावर चढणारा. तो म्हणाला, “आजपासून गल्लीत कुणीही ओट्यावरचा दिवा लावायचा नाही. अंधार तर अंधार. ज्याचा दिवा लागेल, तो संकटात. बाकीच्यांनी असतील तसे धावायचं.” फोनपेक्षा हे बरं होतं. माणूस समोर उभा असला की फोन हातात घेता येत नाही, पण बटण दाराच्या चौकटीलाच असतं. पाठ टेकवून उभं राहिलं तरी दाबता येतं.

एकदा मेरिलीचा दिवा चुकून लागलाही. तिची मावशी आली होती, तिने लावला. मी कढई घेऊन पळाले, ओडेल बंदूक घेऊन, पलीकडचा प्लंबर नुसत्या चड्डीवर. मावशी किंचाळली. मेरिली आधी घाबरली आणि मग हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या रात्री ती म्हणाली, आज मला झोप लागेल.

सभेच्या दिवशी दुपारी मी कुंपणाशी गेले, तर ती माझी वाटच बघत होती.

“आज लाकडं नाहीत,” ती म्हणाली. “ये, दाखवते.”

मागच्या अंगणात लाकडं फोडायचा ओंडका आहे. त्यात कुऱ्हाड रुतवून ठेवली होती. पातं पुसून तेल लावलेलं, दांड्याला नवीन चामडं गुंडाळलेलं.

“कुणाची गं?”

“त्याचीच. आमच्या लग्नात बाबांनी त्याला दिली होती.”

तिथूनच मी चीफला फोन लावला. तो म्हणाला, “नेड्रा, कुऱ्हाड अंगणात ठेवणं हा गुन्हा नाही.”

“मग गुन्हा पुरता झाला की येणार का तू?”

“असं बोलू नकोस गं. संध्याकाळी आम्ही तिघेही सभेला येतोय, युनिफॉर्म घालून. पोलीसच दिसले नाहीत तर परिषद म्हणेल, यांनाच गरज नाही. सभा सुटली की थेट तिच्याकडे चक्कर मारतो, शब्द देतो.”

मी मेरिलीला म्हटलं, “तू सरळ सभेला चल. माझ्या मागे खुर्ची टाकून बस.”

“सभा टीव्हीवर दाखवतात. तो बघतो. मी तिथे दिसले की त्याला वाटेल मी गावभर त्याचं नाव घेतेय.” तिचं म्हणणं चूक नव्हतं. “उद्या जाते मावशीकडे. गाडी दुकानातच आहे, ब्रेक काढलेत, व्हर्लिन उद्या देतो म्हणालाय.”

“मग ओडेलला थांबवू घरी.”

“छे. तोच तर नीट बोलतो सगळ्यांत. त्याला जाऊ दे. तुम्ही सगळे माझ्यासाठीच तर चाललायत. मी दारं लावून बसते. लागलंच तर दिवा आहे.”

आता ‘उजेड समिती’बद्दल सांगायला हवं. ही टेकडीवरच्या शिकलेल्या बायांची समिती, कराच्या बाजूची. त्यांनी टूम काढली होती की, सभेच्या संध्याकाळी कराला पाठिंबा असेल त्याने ओट्यावरचा दिवा लावून ठेवायचा. नगरसेवक टेकडीवरून पुलावर आले की आमची अख्खी गल्ली समोर दिसते. तेव्हा आल्डर गल्ली उजळलीच पाहिजे, असं त्या घरोघरी येऊन सांगून गेल्या. आम्ही हो म्हटलं. नाही कशाला म्हणणार? एका संध्याकाळचा तर प्रश्न होता.

“मी नाही लावणार हं माझा,” मेरिली मला म्हणाली. “माझा विझलेलाच राहू दे. म्हणजे लागला तर कळेल.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं, आणि सभागृहाची कुलपं उघडायला निघून गेले. कळेल म्हणजे कुणाला कळेल, हे ना तिला सुचलं, ना मला. गल्लीत जो कुणी धावला असता, तो प्रत्येक जण त्या संध्याकाळी सभेत येऊन बसणार होता.

नोव्हेंबरात पाचलाच अंधार पडतो. सहाला सभागृह गच्च भरलं. तिसऱ्या रांगेत आमची गल्ली, इस्त्रीचे शर्ट घालून. मागच्या भिंतीला चीफ इबारा आणि त्याची दोन माणसं, टोप्या काखेत. शेजारी अग्निशमन दलाचे लोक. गावातला बंदोबस्त म्हणून जो काही होता, तो सगळा त्या एका खोलीत होता. ड्वेनने हातोडा आपटला.

सगळ्यात आधी ओडेल बोलला, आणि खरंच छान बोलला. नाव न घेता त्याने सांगितलं की आमच्या गल्लीत एक बाई आहे, तिच्या दाराशी लाकडं येतात. टेकडीवरच्या एका नगरसेविकेने डोळे पुसले. मला मनातून फार बरं वाटलं. म्हटलं, झालं, आपण जिंकलो.

मग दुकानदारांचे नंबर लागले. शेवटचा व्हर्लिन. एवढा धिप्पाड माणूस, पण माइकसमोर उभा राहिला की हातांचं काय करावं त्याला कळत नाही. नखांत ग्रीस असतंच. गल्लीच्या वरच्या अंगाला टेकडीकडे त्याचं घर आहे, पण आमच्या दिव्यांचं त्याला काहीही माहीत नव्हतं. मेरिलीनेच बजावलं होतं, दुकानात कळू देऊ नका, नोकरीवर गदा नको. मी हिरवं बटण दाबलं.

“मेयर साहेब, मला पोलीस नकोत असं नाही,” तो म्हणाला. “पण कापताय कुणाच्या पगारातून? माझ्याकडे जे दिवसभर टायर उचलतात त्यांच्या. मिलवाले गाव धुऊन घेऊन गेले, तेव्हा त्यांच्यावर कर लावायची कुणाची छाती झाली नाही. आता आम्ही उरलोय, तर आम्हाला पिळा.”

मागून टाळ्या आल्या. ड्वेनने हातोडा आपटला. मी लिहीत होते.

“आणि ही दिव्यांची नाटकं पुरे झाली,” व्हर्लिनचा आवाज चढला. मी पिवळं बटण दाबलं. “आत्ता घरून शर्ट बदलून येताना बघितलं. अख्खी आल्डर गल्ली नाताळ असल्यासारखी झगमगतेय. माझ्याकडे हिशेब लिहिणारी मेरिली, कधी नव्हे ते तिनेसुद्धा दिवा लावलाय. महिनाभर काळोखात बसायची, आणि आज माझ्याविरुद्ध बरोबर उजेड केला. माझं मीठ खाते ती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.”

माझं बोट लाल बटणावर होतं, ते तिथेच राहिलं.

“मेयर साहेब,” मी म्हणाले.

आवाज कुठून आला ते कुणाला कळेना. ड्वेन माझ्याकडे बघायला लागला, जणू टेबलच बोललं.

“रेकॉर्डर, तुम्हाला सभेत बोलता येणार नाही.”

“मेरिली लावणार नव्हती,” मी म्हणाले. मी उभी राहिले होते. “ती कराचा दिवा लावणार नव्हती. दुपारी मला सांगितलं तिने.”

“रेकॉर्डर, खाली बसा.” हातोडा.

तिसऱ्या रांगेत ओडेल उठला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “व्हर्लिन,” तो म्हणाला, “तिचा दिवा लागलाय? नक्की तिचाच?”

“तिचाच. पाहिला ना मी. झालं काय पण?”

खुर्च्या करकरल्या. आमची अख्खी रांग दाराकडे पळत सुटली आणि चीफ आमच्याही आधी बाहेर पडला. मागे ड्वेन हातोडा आपटत होता. सभा तहकूब केल्याशिवाय कुणाला जाता येणार नाही, म्हणत होता. आणि शप्पथ सांगते, कुणीतरी तहकुबीचा ठराव मांडला आणि कुणीतरी त्याला अनुमोदनही दिलं. त्यांची नावं मी लिहून घेतली नाहीत.

व्हर्लिनचा ट्रक दारातच होता. ओडेल आणि मी त्यात चढलो. वाटेत मी व्हर्लिनला सगळं सांगितलं, दिव्याचं, लाकडांचं, कुऱ्हाडीचं.

त्याने ट्रकचा वेग वाढवला. मग म्हणाला, “मी तिच्या फाटकासमोरून आलो, नेड्रा. नुसता ब्रेक दाबायचा होता. मला का नाही सांगितलंत कुणी?”

“नोकरी जाईल म्हणून घाबरत होती.”

“नोकरी कशाने जाईल?” तो ओरडला. “मी काय राक्षस आहे का?”

ओडेल खिडकीबाहेर बघत बसला होता. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

पूल आला. समोर आमची गल्ली, या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळलेली. त्यात तिचा दिवा कुठला ते मला ओळखू येईना. जन्म गेला माझा त्या गल्लीत.

आम्ही पोचलो तेव्हा चीफची गाडी फाटकात आडवी उभी होती. ओट्याच्या पायरीवर, बरोबर दिव्याखाली, रँडल बसला होता. हात गुडघ्यांवर, उघडे. दाढी केलेली, केस विंचरलेले. चीफने पिस्तूल रोखलं होतं, पण रँडल त्याच्याकडे बघतही नव्हता. तो आमच्याकडे बघत होता.

चीफचा एक माणूस घरात गेला आणि लगेच बाहेर आला. तो हिरवळीवर खाली बसला आणि त्याने टोपी काढली. तेव्हा आम्हाला कळलं.

मेरिली स्वयंपाकघरात होती. तिथलं मी सांगणार नाही.

“फार उशीर केलात,” रँडल म्हणाला. आवाज अगदी साधा होता, जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांशी बोलावं तसा. “मी समोर उभा होतो, तेव्हाच दाबलं तिने बटण. मला ठाऊक होतं ते कशाला आहे. पलीकडच्या झाडीतून महिनाभर बघतोय मी तुम्हाला. म्हटलं, आता तो म्हातारा येणार बंदूक घेऊन. निघावं इथून. ट्रक चालूच ठेवला होता मी.” त्याने ओडेलकडे हनुवटी केली. “पुष्कळ वाट पाहिली तुझी. कुणी आलंच नाही. मग मी ट्रक बंद केला.”

ओडेल फाटकाला धरून उभा राहिला. व्हर्लिनने त्याला मागून घट्ट धरलं, कारण तो पडत होता. चीफने रँडलच्या हातांत बेड्या घातल्या आणि त्याला गाडीत बसवलं. ते होईपर्यंत गल्लीतल्या सगळ्या घरांचे दिवे तसेच जळत होते. ते विझवायला कुणी गेलं नाही.

पुढच्या सभेत कर मंजूर झाला. विरोधात एकही मत पडलं नाही. व्हर्लिनने बोलायला नाव दिलं होतं. मी हिरवा दिवा लावला. तो माइकसमोर उभा राहिला, टोपी हातात घेऊन, आणि काहीच बोलला नाही. पिवळा झाला, लाल झाला, तेव्हा तो जाऊन बसला. ड्वेनने मला नंतर विचारलं, हे लिहिणार कसं? मी म्हटलं, “व्हर्लिन टॅकेट बोलले, असं लिहिते.”

आता गावात रात्रीचा पोलीस आहे. दक्षिणेकडून आलेली मुलगी आहे, चुणचुणीत, रात्रभर गाडी फिरवते. आणि आमच्या गल्लीने नियम उलटा केला. ओडेल जायच्या आधी करून गेला. त्या हिवाळ्यातच गेला तो. आता अंधार पडला की प्रत्येकाने ओट्यावरचा दिवा लावायचा. ज्याचा दिसणार नाही, तो संकटात.

मेरिलीचं घर रिकामंच आहे. तिच्या मावशीला ते विकवत नाही. पण गल्लीत एक घर अंधारात ठेवता येत नाही, नव्या नियमाने ते मदतीला हाक मारत राहतं. म्हणून दुकान बंद केलं की व्हर्लिन रोज येतो आणि तिचा दिवा लावून जातो. विजेचं बिलही तोच भरतो. तिची गाडी अजून त्याच्या दुकानामागे उभी आहे, ब्रेक बसवून.

परवा मी भांडी घासत होते. खिडकीतून सहज पाहिलं, तर पलीकडे काळोख. व्हर्लिन लावून गेलेला मी स्वतः पाहिला होता. हातातला तवा तसाच घेऊन मी पळाले. चप्पल घालायचंही सुचलं नाही. प्लंबर पळत आला, त्याची बायको आली, कोपऱ्यावरचे नवे भाडेकरू आले, ज्यांनी मेरिलीला कधी पाहिलंही नव्हतं. व्हर्लिनचा ट्रक पुलावरून मागे फिरून आला. पोलीस मुलगी आमच्याही आधी पोचली होती आणि टॉर्च घेऊन मागच्या अंगणात जाऊन आली होती.

“घरात कुणी नाही,” ती म्हणाली. “बल्ब गेलाय फक्त.”

आम्ही सगळे ओट्यासमोर धापा टाकत उभे राहिलो. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. गल्लीतला एकही माणूस यायचा राहिला नव्हता.

व्हर्लिनने ट्रकमधून नवा बल्ब आणला आणि मी त्याच्यासाठी खुर्ची धरली.